कारंजा, उंबरखिंड आणि पाणबुडी

वऱ्हाडातील कारंजा हे गाव आज वाशीम जिल्ह्यात मोडते. जिल्हे येतात आणि जातात. इंग्रजी अमदानीतला बाशीम जिल्हा १९०५ साली मोडला आणि पुढे १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन तो पुन्हा उभा राहिला. परंतु कारंज्याची श्रीमंती या सर्व घडामोडींहून जुनी आहे. दारव्हा वेस, मंगरूळ वेस अशी नावे बाळगणाऱ्या या गावात कस्तुरीची हवेली म्हणून एक वास्तू दाखवितात. कस्तुरी लादलेले उंट विक्रीस आले असता येथील एका जैन सावकाराने ती सगळी कस्तुरी विकत घेऊन आपल्या हवेलीच्या चुन्यात कालविली, अशी तिची दंतकथा आहे. दंतकथा खरी असो वा नसो, ज्या गावाविषयी ती रचली गेली त्या गावाच्या पेढ्यांवर काय उलाढाल होत असेल याची कल्पना तिच्यावरून येते.

अशा या कारंज्यावर इसवी सन १६७० च्या अखेरीस मराठ्यांची फौज येऊन पडली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली होती. परतीच्या वाटेवर दिंडोरीपाशी मोगलांशी झुंज घेतली होती. आणि त्यानंतर फार दिवस न जाऊ देता मराठे खानदेशातून वऱ्हाडात उतरले. यदुनाथ सरकारांनी आपल्या शिवचरित्रात या स्वारीचे जे वर्णन दिले आहे, त्यात चार हजार बैल व गाढवे भरून लूट नेल्याचा आणि तिची किंमत कोटी रुपयांच्या घरात असल्याचा उल्लेख आहे. गावातील श्रीमंत मंडळी खंडणीसाठी धरून नेण्यात आली. त्यांतला जो सर्वांत बडा असामी, तो मात्र निसटला. निसटला तो तट चढून नव्हे, की पहाऱ्यास लाच चारूनही नव्हे. तो स्त्रीवेष घेऊन निसटला.

हा प्रसंग हसून सोडून देण्याजोगा नाही. त्या सावकाराने जिवावरची जोखीम घेतली ती एका गोष्टीच्या भरवशावर: मराठा शिलेदार बायकांना हात लावीत नाही. शत्रूच्या शिस्तीवर शत्रूच्या प्रजेचा असा विश्वास बसलेला होता की लुगडे हेच बाहेर पडण्याचे दस्तक झाले. खाफीखानासारखा महाराजांविषयी अपशब्द वापरण्यात कसूर न करणारा मोगल इतिहासकारही या एका बाबतीत त्यांची वाखाणणी करतो. कारंज्याची कथा या वाखाणणीस वऱ्हाडच्या भूमीतला पुरावाच पुरविते.

आता या जुन्या गोष्टीची आठवण आजच का व्हावी, असे वाचक विचारतील. कारण असे की लष्करी पाणबुडीवर स्त्रियांनी चाकरी करावी की नाही, हा प्रश्न अलीकडे आपल्याकडेही उघडपणे बोलला जाऊ लागला आहे. आणि तो निघाला की दोन्ही बाजूंची माणसे महाराजांच्या नावाचा आधार घेताना आढळतात. एक म्हणतो, ज्याने परस्त्रीस मातेसमान मानले त्याच्या देशात स्त्रीला युद्धाच्या तोंडी देणे शोभत नाही. दुसरा सभासदाची बखर पुढे करतो: लष्करात बायको, बटीक, कलावंतीण नसावी आणि जो ठेवील त्याची गर्दन मारावी, असा महाराजांचा नियम कृष्णाजी अनंताने लिहून ठेवलाच आहे, मग वाद कसला? इतिहासाचा आधार घ्यावयाचा तर तो पुरता घेतला पाहिजे. अर्धा आधार निराधारापेक्षा वाईट.

सभासदाने सांगितलेला नियम नीट वाचला तर त्याचा रोख ताबडतोब ध्यानी येतो. दसऱ्याचे सीमोल्लंघन करून फौज बाहेर पडे ती पावसाळ्याच्या तोंडाशी घरी येई. मधले सात-आठ महिने परमुलुखात पोट भरावयाचे आणि खजिना आणावयाचा. अशा फौजेत बायका घेणे म्हणजे तंबू, पालख्या, दासी, सामान आणि त्या सर्वांच्या राखणीस आणखी माणसे घेणे. शिवाय परमुलुखातील बायका-मुले धरू नयेत, हा दुसरा नियम त्याच्याच शेजारी उभा आहे. आणि ज्या छावणीत स्त्री मुळीच नाही तिच्यात धरून आणलेली स्त्री लपविणेही कठीण, हे उघड आहे. तेव्हा हा नियम शिपायाच्या चैनीविरुद्ध होता आणि शत्रूच्या बायकांच्या अब्रूच्या बाजूने होता. स्त्रीच्या हातात तलवार द्यावी की नाही, या प्रश्नाला त्यात कोठेही हात घातलेला नाही.

हा नियम सुटला तेव्हा काय झाले, हे पुढच्या शतकात दिसले. १७६१ च्या पानिपतच्या मोहिमेत भाऊसाहेबांबरोबर पार्वतीबाई होत्या. सरदारांचे कबिले होते. काशी-मथुरेच्या यात्रेची आशा धरून निघालेली माणसे होती. लढणाऱ्यांपेक्षा बुणगे अधिक, अशी त्या लष्कराची अवस्था होती. आणि दाणा-वैरण तुटली तेव्हा या बुणग्यांचे ओझे कसे जाणवले ते सर्वश्रुत आहे. परंतु बुणगे या शब्दाला लिंग नाही. भाट, भिक्षुक, बाजारबुणगे आणि यात्रेकरू पुरुष यांचे ओझे काही कमी नव्हते. लष्करात खरा भेद पडतो तो काम करणारा आणि कामावाचून खाणारा यांच्यामध्ये. हा भेद पुढे पाणबुडीपाशी आपल्या कामास येईल, म्हणून येथे नमूद करून ठेवतो.

आणि आता रायबागनकडे वळू. वाशीमच्या आग्नेयेस पैनगंगेच्या खोऱ्यात माहूर आहे. अकबराच्या वेळच्या सुभे वऱ्हाडात वाशीम आणि माहूर या शेजारशेजारच्या सरकारी होत्या. माहूरच्या राजे उदाराम घराण्यातील ही बाई. घरचा कर्ता पुरुष गेल्यावर तिने दौलत आणि फौज दोन्ही आपल्या हाती घेतली, आणि औरंगजेबाकडून रायबागन, म्हणजे राजव्याघ्री, असा किताब मिळविला. जहागीर सांभाळणाऱ्या विधवा आपल्या इतिहासात पुष्कळ आहेत; पण ही नुसती जहागीर सांभाळून बसली नाही. १६६१ च्या फेब्रुवारीत शाहिस्तेखानाने पुण्याहून कारतलबखान नावाच्या उझबेग सरदारास कोकणात उतरविले, तेव्हा त्याच्या हाताखालच्या सरदारांत रायबागन आपले पथक घेऊन सामील होती.

कवींद्र परमानंदाने शिवभारतात हा प्रसंग विस्ताराने रंगविला आहे. परमानंद महाराजांच्या पदरचा कवी. त्याने शत्रूपक्षातल्या बाईची थोरवी उगाच वाढवून सांगावी असे काही कारण नव्हते, म्हणून त्याची साक्ष मोलाची. लोणावळ्याच्या बाजूने सह्याद्री उतरून खान उंबरखिंडीत शिरला. वाट इतकी अरुंद की फौजेची एक लांब दोरी झाली. दोन्ही बाजूंस दाट झाडी. वारा लागेना, पाणी मिळेना. पुढची वाट आणि मागची वाट दोन्ही मराठ्यांनी रोखल्या आणि वरून बाण, गोळ्या व दगड यांचा मारा सुरू झाला. अशा वेळी सेनापतीचे धैर्य खचले आणि डोके ठिकाणावर राहिले ते या बाईचे. तिने खानास स्पष्ट सुनावले की या रानात सैन्य आणून कोंडलेस हीच मोठी चूक झाली. आता बादशाही फौज व्यर्थ मारविण्यापेक्षा शिवाजी राजांस शरण जाऊन ती वाचव. खानाने तिचा सल्ला ऐकला. महाराजांनी सामानसुमान तेथेच टाकण्याच्या अटीवर साऱ्यांस जाऊ दिले.

या गोष्टीत एक बारकावा आहे, आणि प्रस्तुत लेखकास तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रायबागनला जीवदान मिळाले ते बाई म्हणून नव्हे. जी अट कारतलबखानास तीच तिला. कारंज्याच्या सावकाराने लुगड्याचा आसरा घेतला. उंबरखिंडीतल्या बाईने घेतला नाही, आणि तिला तो कोणी देऊही केला नाही. युद्धाबाहेरच्या स्त्रीस अभय आणि युद्धातल्या स्त्रीस इतर योद्ध्यांसारखीच वागणूक, अशा दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच राजाच्या हातून जेमतेम दहा वर्षांच्या अंतराने घडल्या, आणि त्यांत विरोध असल्याचे त्या काळी कोणास वाटल्याचे दिसत नाही. विरोध आपल्याला वाटतो, कारण आपण दोन्ही स्त्रियांस एकाच पंक्तीला बसवितो.

ताराबाईंनी १७०० ते १७०७ या काळात औरंगजेबाशी चालविलेला लढा, किंवा पती खंडेराव आणि पुत्र त्र्यंबकराव गेल्यावर उमाबाई दाभाडे यांनी १७३२ साली अहमदाबादेवर केलेली स्वारी आणि शाहू छत्रपतींनी त्यांस दिलेले सोन्याचे तोडे, हे सर्व वाचकांस परिचित आहे. त्याची उजळणी येथे नको. एवढेच म्हणतो की या बहुतेक बायका घरचा पुरुष मेल्यावर पुढे आल्या. पुरुष हयात असता, सरळ रस्त्याने, भरतीच्या रांगेत उभी राहून स्त्री शिपाई होऊ शकत नव्हती. आजचा प्रश्न नेमका त्या रांगेचा आहे.

रांगेचाच प्रश्न असल्यामुळे वाशीमसारख्या समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या जिल्ह्यालाही तो परका नाही. पोलीसभरतीसाठी पहाटे रस्त्याकडेने पळणाऱ्या मुली आता वऱ्हाडात नवलाचा विषय राहिलेल्या नाहीत. नौदलाने २०२२ साली अग्निवीरांची पहिली तुकडी घेतली तेव्हा सुमारे तीन हजारांत ३४१ मुली होत्या. त्या भरतीत १.६ किलोमीटर धावण्यास मुलांना साडेसहा मिनिटे आणि मुलींना आठ मिनिटे दिली होती. या दीड मिनिटावरून पुष्कळ उपहास ऐकू येतो. परंतु पाणबुडीपुरते बोलावयाचे तर ज्या नौकेची सगळी लांबी साडेसदुसष्ट मीटर, तिच्यात दीड किलोमीटर पळणार कोण आणि कोठे?

ही नौका कशी असते ते आता पाहू. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्यांतली पहिली १४ डिसेंबर २०१७ रोजी नौदलात दाखल झाली आणि सहावी, वाघशीर, १५ जानेवारी २०२५ रोजी. त्यांतल्या एकीचे नाव खांदेरी. १६७९ साली इंग्रजांच्या नाकासमोर महाराजांनी ज्या बेटावर तट उभारला त्या बेटाचेच हे नाव. दुसरीचे नाव करंज. तिचा आमच्या वऱ्हाडातील कारंज्याशी काही संबंध नाही, पण नाव वाचून वऱ्हाडी माणसाचे कान टवकारतात खरे. साडेसदुसष्ट मीटर लांब आणि सव्वासहा मीटरांहून थोड्या कमी रुंदीच्या या पोलादी नळीत ८ अधिकारी आणि ३५ खलाशी राहतात. पोटात ३६० विद्युतघट, एकेक साडेसातशे किलोंचा. शिवाय पाणतीर, यंत्रे, धान्य. माणसांस उरते ती जागा यंत्रांच्या फटीतली. सुमारे पन्नास दिवस असे काढण्याची या नौकेची ताकद आहे. गोडे पाणी मोजून. आंघोळ ही चैन. सूर्य नाही, वारा नाही, पत्र नाही. वर यावयाचे तर रात्रीच्या अंधारात श्वासनळी पाण्याबाहेर काढून यंत्रे चालवावयाची आणि घट भरून पुन्हा खाली जावयाचे. उंबरखिंडीचे वर्णन वाचताना मला ही नळी का आठवली, ते वाचकांच्या ध्यानी आले असेल.

आणि येथे बुणगा चालत नाही. पाणबुडीवर प्रत्येकाने आपले काम जाणून भागत नाही. आग लागली, पाणी शिरले, दिवे गेले तर कोणती झडप कोठे आहे ती अंधारात हाताने चाचपून बंद करता आली पाहिजे, मग तो आचारी असो की अधिकारी. ही परीक्षा उतरल्यावाचून पाणबुडीचे चिन्ह छातीवर लागत नाही. या अर्थाने महाराजांच्या छावणीचा नियम जसाच्या तसा पाळणारे लष्कर आजच्या जगात कोठे असेल तर ते पाणबुडीत.

आता हरकती. पहिली शक्तीची, तिचे उत्तर वर येऊन गेले. दुसरी वैद्यकाची, आणि ती ऐकावयास भारदस्त वाटते. पाणबुडीतील हवेत कर्बाम्ल वायूचे प्रमाण बाहेरच्यापेक्षा जास्त असते. त्यापासून गर्भास अपाय होईल, सबब स्त्रीमात्रास बंदी, असे ब्रिटिश आरमाराचे अनेक वर्षे म्हणणे होते. पुढे त्यांच्याच वैद्यकीय संस्थेने तपासणी केली तेव्हा स्त्रियांस सरसकट मज्जाव करावा असे कारण सापडले नाही. गर्भवतीने जाऊ नये, इतकेच उरले. डिसेंबर २०११ मध्ये बंदी उठविल्याचे जाहीर झाले आणि मे २०१४ मध्ये तीन स्त्री-अधिकाऱ्यांनी पाणबुडीचे चिन्ह मिळविले. अनेक वर्षे निसर्गाचा म्हणून सांगितलेला नियम तपासणीअंती कागदाचा निघावा, हा प्रकार फक्त ब्रिटनमध्येच घडतो असे नाही.

नॉर्वेने हे सर्व फार आधी केले. १९८५ साली तेथे पाणबुड्या स्त्रियांस खुल्या झाल्या आणि दहा वर्षांत, १९९५ साली, सोल्वेग क्रे या बाई कोबेन नावाच्या पाणबुडीच्या कप्तान झाल्या. डेन्मार्क, स्वीडन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी हे देश त्याच वाटेने गेले. जपानसारख्या रूढिप्रिय आरमाराने २०२० साली पाच स्त्रियांस हे चिन्ह दिले. अमेरिकेचा निर्णय २०१० चा, आणि तो अमलात आणण्याची त्यांची युक्ती सांगण्यासारखी आहे. प्रथम मोठ्या अणुपाणबुड्यांवर केवळ स्त्री-अधिकारी पाठविल्या, कारण अधिकाऱ्यांच्या खोल्या तिघातिघांच्या असतात. एक खोली स्त्रियांस दिली की काम झाले. स्नानगृह एकच राहिले. त्याच्या दारावर फिरवता येईल अशी पाटी लावली. वर्षानुवर्षे जो प्रश्न अवघड म्हणून मांडला जात होता त्याचे अर्धे उत्तर एका पाटीत निघाले.

परंतु अर्धेच. उरलेले अर्धे पाटीने सुटत नाही, आणि या ठिकाणी सुधारकांनी घाई करू नये असे मला वाटते. २०१४ साली अमेरिकेच्या वायोमिंग नावाच्या पाणबुडीवर स्त्री-अधिकाऱ्यांची स्नानाच्या जागेत चोरून चित्रे घेतल्याचे उघडकीस आले. ती घेणारे त्यांच्याच नौकेवरचे खलाशी होते. ब्रिटिश आरमाराच्या पाणबुडीदलात स्त्रियांस झालेल्या छळाच्या तक्रारींची चौकशी होऊन ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द आरमारप्रमुखांना माफी मागावी लागली. शत्रूच्या बायकांस हात लावू नये, हा नियम महाराजांना घालावा लागला. आपल्याच नौकेवरील सोबतिणीस हात लावू नये, हा नियम या सुधारलेल्या आरमारांना घालावा लागतो! आणि पाणबुडीवर तक्रार घेऊन जावयाचे कोणाकडे? किनारा नाही, टपाल नाही, भिंतीपलीकडे समुद्र. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. मात्र त्याचे वजन पडते कोणाच्या पारड्यात हे पाहिले पाहिजे. चोराच्या भयाने सावकारास गावाबाहेर घालविण्याचा न्याय कारंज्यातही कोणी मानला नसता. महाराजांनी गर्दन मारण्याची शिक्षा सांगितली ती नियम मोडणाऱ्या शिपायास.

आपल्याकडची हकीकत थोडक्यात सांगतो. १९५७ च्या नौदल कायद्यात स्त्रियांस प्रवेश नव्हता, सरकार अधिसूचनेने देईल तेवढाच. १९९१ साली पुरवठा, कायदा, शिक्षण अशा शाखा उघडल्या, त्या किनाऱ्यावरच्या. समुद्रावर पाठवावयाचे म्हटले की रशियन बनावटीच्या नौकांवर स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे नाहीत, इथपर्यंत कारणे निघत. १७ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲनी नागराजा यांच्या खटल्यात हे सारे बाजूला सारले. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे मराठीच. समुद्रावरची चाकरी स्त्रियांस झेपत नाही ही समजूत आहे, पुरावा नव्हे, असा त्या निकालाचा आशय. तोवर पुरावा मात्र उलट बाजूचा तयार झाला होता. १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघालेली तारिणी ही छोटी शिडाची नौका सहा नौदल-अधिकारी स्त्रियांनी पृथ्वीभोवती फिरवून २१ मे २०१८ रोजी गोव्यासच परत आणली. दोनशे चौपन्न दिवस, सुमारे छप्पन्न फुटांच्या जागेत सहाजणी, दक्षिण समुद्राच्या लाटांत. तारिणीवर पुरुष नव्हते, म्हणून हे उदाहरण सर्वस्वी लागू नाही, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. पण कोंडवाड्यात स्त्रीचे मन टिकत नाही असे म्हणणाऱ्यांची बाजू त्याने पुरती लंगडी केली. डिसेंबर २०२३ मध्ये प्रेरणा देवस्थळी या मुंबईच्या मराठी अधिकाऱ्याकडे त्रिंकट या युद्धनौकेचे आधिपत्य आल्याचे जाहीर झाले. भारतीय युद्धनौकेवर स्त्री कप्तान येण्याची ती पहिलीच वेळ. ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून सतरा मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. युद्धनौका झाली, विमान झाले. पाणबुडी सर्वांच्या मागे राहिली. २८ डिसेंबर २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू कारवारहून वाघशीरमधून पाण्याखाली जाऊन आल्या. राष्ट्रपती हे तिन्ही दलांचे सरसेनापतिपद. तेव्हा सरसेनापती स्त्री पाणबुडीत जाऊ शकते, आणि झडप फिरविणारी स्त्री खलाशी जाऊ शकत नाही, असे म्हणण्याची पाळी कोणावर न यावी हे बरे.

पाणबुडी आणि मराठी स्त्री यांची एक गाठ मात्र फार जुनी आहे, आणि ती सहसा कोणी सांगत नाही. १९४३ च्या फेब्रुवारीत सुभाषबाबू कील बंदरातून जर्मन पाणबुडीत बसले आणि एप्रिलच्या अखेरीस मादागास्करजवळ भर समुद्रात जपानी पाणबुडीवर चढले. या प्रवासात त्यांच्याबरोबर हैदराबादचे आबिद हसन होते. पाण्याखालच्या त्या कोंदट खोलीत सुभाषबाबू पुढच्या कामाची टिपणे आणि भाषणे सांगत व हसन उतरून घेत. स्त्रियांची पलटण उभारण्याचे आवाहन त्यांत होते, असे हसन यांनी पुढे सांगितले आहे. त्याच वर्षी सिंगापुरात ती पलटण उभी राहिली. तिला नाव दिले ते तांब्यांच्या घरी जन्मलेल्या आणि झाशीत नेवाळकरांच्या घरी आलेल्या लक्ष्मीबाईंचे.

शेवटी मरणाचा प्रश्न, कारण बाकीच्या हरकतींच्या तळाशी तोच असतो. १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्री मुंबईच्या गोदीत सिंधुरक्षक या पाणबुडीत स्फोट होऊन ती जागीच बुडाली. आतले अठराजण गेले. आपल्या मुलीच्या वाट्याला असे मरण येऊ नये असे बापाला वाटते. मुलाच्या वाट्याला आलेले तो सोसतो, कारण त्याला तसे सोसण्याची सवय शतकांची आहे. अर्जेंटिना देशातील ओबेरा हे गाव समुद्रापासून फार दूर, वाशीमसारखेच आतल्या मुलखातले. तेथील एलियाना क्रावचिक या मुलीने समुद्र पाहिला तोच मोठेपणी. पुढे ती आपल्या देशाची पहिली स्त्री पाणबुडी-अधिकारी झाली. १५ नोव्हेंबर २०१७ रोजी सान हुआन ही पाणबुडी चव्वेचाळीस माणसांसह नाहीशी झाली, तीत ती होती. वर्षभराने नौकेचे अवशेष नऊशे मीटरांहून अधिक खोलीवर सापडले. त्रेचाळीस पुरुष आणि एक स्त्री. समुद्राने त्यांत निवड केली नाही. तिच्या मागे राहिलेल्या माणसांना तिने हे काम करावयास नको होते असे वाटले असेलही. तिला ते करू द्यावयास नको होते असे म्हणण्याचा अधिकार मात्र त्या त्रेचाळीसजणांच्या घरच्यांहून वेगळा असा कोणास मिळतो, हे मला समजत नाही.

माझे स्वतःचे मत एव्हाना लपून राहिलेले नाही. पाणबुडीचे दार स्त्रियांस उघडावे. ते एकेका स्त्रीला शोभेची म्हणून आत घेऊन न उघडता एका नौकेवर पुरेशा जणी एकदम पाठवून उघडावे, म्हणजे कोणी एकटी पडणार नाही. वरिष्ठ स्त्री-अधिकारी आधी जाव्यात आणि कोवळ्या वयाच्या खलाशी मुली त्यांच्यामागून. आणि नौकेवरच्या तक्रारीचा निवाडा त्या नौकेच्या कप्तानाच्या हाती ठेवू नये. या गोष्टी पाणबुडीचा नकाशा निघण्यापूर्वी ठरल्या पाहिजेत. पोलादी नळीत मागाहून भिंत घालता येत नाही. सिंधुध्वज ही पाणबुडी १९८७ साली दाखल झाली आणि १६ जुलै २०२२ रोजी निवृत्त झाली, म्हणजे तिने पस्तीस वर्षे चाकरी केली. माझगाव गोदीत पुढच्या सहा पाणबुड्या बांधण्याची जी योजना आहे त्या पाण्यात उतरून म्हाताऱ्या होईतो, आज कारंज्याच्या शाळेत सातवीत बसलेली मुलगी पन्नाशी ओलांडून गेलेली असेल.